सही कोणाची, जोखीम कोणाची

१ जुलै २००४ रोजी महाराष्ट्राच्या महसूल विभागाने एक आदेश काढला. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क त्या आदेशाने माफ झाले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला यांना जोडायचे प्रतिज्ञापत्र त्या दिवसापासून साध्या कागदावर चालायला हवे होते. वीस वर्षे गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आणला, तेव्हा विद्यार्थी आणि पालकांमधून एकच ओरड झाली आणि महसूल विभागाला पुन्हा खुलासा करावा लागला, की या दाखल्यांना मुद्रांक लागतच नाही. मग इतकी वर्षे तो कोण मागत होते? ज्यांच्यासाठी आदेश निघाला होता तीच कार्यालये मागत होती. आणि लोक मुकाट्याने रांगेत उभे राहून तो विकत घेत होते.

यात लाचखोरी शोधायला गेलो तर हाती फारसे लागत नाही. मुद्रांकाचे पैसे सरकारी तिजोरीत जात होते. खिडकीमागच्या लिपिकाला त्यातला छदामही मिळत नव्हता. आळस म्हणावा, तर मुद्रांकावरचे प्रतिज्ञापत्र तपासायला साध्या कागदापेक्षा कमी वेळ लागतो असेही नाही. त्याचा हिशेब निराळा होता. नको असताना मुद्रांक घेतला, तर आयुष्यात कोणी जाब विचारणार नाही. घेतला नाही आणि पुढेमागे तो दाखला वादात सापडला, तर चौकशीत पहिला प्रश्न येईल, की प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर कसे काय स्वीकारले? त्या वेळी २००४ चा आदेश शोधून दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर. तो आदेश त्याच्या टेबलावर पोहोचला होता की नाही, हाही प्रश्नच.

या पुस्तकातले लेख या एका हिशेबाभोवती फिरतात. ते लिहिणारे बहुतेक जण कधी ना कधी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेले आहेत. कोणी तलाठी सजात, कोणी जिल्हा परिषदेत, कोणी मंत्रालयातल्या एखाद्या कार्यासनात. त्यामुळे लालफितीवरचे नेहमीचे विनोद इथे सापडणार नाहीत. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे वाक्य बाहेरून ऐकणाऱ्याला जेवढे चीड आणणारे, तेवढेच आतून बोलणाऱ्याला सोयीचे असते. ती सोय कशापासूनची, हे सांगणारे लेखन मराठीत कमी आहे.

रोगाचे निदान झालेच नाही, अशी स्थिती कधीच नव्हती. मुंबई प्रांतात सनदी अधिकारी राहिलेल्या ए. डी. गोरवाला यांनी १९५१ मध्येच नियोजन आयोगासाठी प्रशासनावर अहवाल लिहिला. १९५३ मध्ये अमेरिकेचे पॉल ॲपलबी यांचा अहवाल आला. १९६६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखाली पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग बसला. त्याने वीस अहवाल आणि ५३७ शिफारशी दिल्या. २००५ मध्ये वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग आला, त्याचे पंधरा अहवाल. कागद कमी कसे करावेत यावर आपण किती कागद खर्च केले, असा टोमणा मारण्याचा मोह होतो; पण त्यातले बरेचसे लेखन खरोखर चांगले आहे. अडचण शिफारशींच्या दर्जाची नाही. आयोगाला सांगायचे असते काय करावे. टेबलावरच्या माणसाला ठरवायचे असते, की हे मीच का करावे.

त्या टेबलावर काय घडते ते जरा सावकाश पाहू. एखादा अर्ज मंत्रालयात येतो. आवक बारनिशीत त्याची नोंद होते, मग तो कार्यासनाकडे जातो. सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो: प्रकरणाची पार्श्वभूमी, संबंधित शासन निर्णय, पूर्वीची उदाहरणे, आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’. कक्ष अधिकारी सही करतो. अवर सचिव सही करतो किंवा एखादा प्रश्न उपस्थित करतो. उपसचिव ‘चर्चा करावी’ असे लिहितो आणि नस्ती जिन्याने खाली उतरते. चर्चा होते. कधी साहेब दौऱ्यावर असतात, कधी अधिवेशन असते. चर्चेनंतर नस्ती पुन्हा वर चढते आणि या खेपेस प्रश्न येतो, की यात विधी व न्याय विभागाचे अभिप्राय घेतले आहेत का? ते घेतले, की वित्त विभाग उरतोच. प्रत्येक विभागात पुन्हा तोच खालून वर जाणारा जिना. शेवटी निर्णय होतो तेव्हा नस्तीवर आठदहा सह्या असतात आणि त्यातली कोणतीही एक सही हा निर्णय आपला आहे असे म्हणत नाही. खालचा म्हणतो, मी फक्त सादर केले. वरचा म्हणतो, खालून तपासून आले होते. वित्त विभाग म्हणतो, आम्ही सहमती दिली ती प्रशासकीय विभागाच्या प्रस्तावाला.

बाहेरच्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. आतल्यांसाठी ही जोखमीची वाटणी आहे, आणि ती वाटणी फार हुशारीने बसवलेली आहे. टिपणीची भाषासुद्धा त्यासाठीच घडली आहे. ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी’ या शेऱ्यात कोणता नियम, उचित म्हणजे काय आणि कार्यवाही कोणी करायची, यातले काहीही सांगितलेले नाही. तरीही तो शेरा मारणाऱ्याचे काम पूर्ण झालेले असते. पुढे काही बिघडले तर कार्यवाही उचित नव्हती आणि नियमानुसार नव्हती, हे उघड आहे.

ही भीती काल्पनिक असती तर प्रशिक्षणाने घालवता आली असती. ती काल्पनिक नाही. लेखापरीक्षण येते तेव्हा ते झालेला खर्च तपासते, दिलेली मंजुरी तपासते. न दिलेल्या मंजुरीमुळे एखाद्या गावाची पाणीयोजना चार वर्षे रखडली, तर त्याचा लेखाआक्षेप सहसा त्या टेबलावरच्या माणसाच्या नावावर निघत नाही. घाईत केलेल्या चुकीचा मात्र निघतो, आणि तो निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. जिल्हा परिषदेत ज्यांनी उमेदवारी केली त्यांना ठाऊक आहे: निवृत्तीला सहा महिने उरले असताना दहा वर्षांपूर्वीच्या आक्षेपाचे अनुपालन शोधत फिरणारा माणूस प्रत्येक कार्यालयात असतो, कारण वसुली निघाली तर ती निवृत्तिवेतनाच्या लाभांतून होणार असते. त्याच्याकडे पाहत पाहत शेजारच्या टेबलावरचा नवा लिपिक नोकरी शिकतो. यशदाच्या प्रशिक्षणवर्गात त्याला काहीही शिकवा.

वरच्या पातळीवर हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत घडते. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात एक तरतूद अशी होती, की सार्वजनिक हिताशिवाय कोणाला आर्थिक लाभ मिळवून दिला, तर अधिकाऱ्याने स्वतः काही घेतले होते का हे सिद्ध करण्याची गरज नव्हती. २०१७ मध्ये माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता यांना खाणवाटपाच्या प्रकरणात शिक्षा झाली. पैसे घेतल्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता. निकाल बरोबर की चूक, हा न्यायालयांचा विषय. पण देशभरच्या सचिवालयांनी त्यातून जो धडा घेतला तो निकालपत्रात लिहिलेला नव्हता. सही करणारा अडकतो, नस्ती परत पाठवणारा अडकत नाही. २०१८ मध्ये ती तरतूद वगळली गेली आणि निर्णयांबाबत चौकशी सुरू करण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी घेण्याचे कलम १७अ आले. कायदा बदलायला तीस वर्षे लागली. सवय बदलायला किती लागतील, यावर मी पैज लावणार नाही.

सवय बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही; त्यासाठी आता अहमदनगरकडे वळू. आजचे अहिल्यानगर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते आणि त्यांनी जे केले ते ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजले. मला ते आजही आपल्याकडच्या कार्यालयीन सुधारणांपैकी सर्वांत बुद्धिमान काम वाटते, कारण त्यांनी भाषण दिले नाही, टेबल आवरले. कोणत्या लिपिकाने कोणते काम कसे करायचे हे लिहून ठेवले. बसण्याची मांडणी बदलली. आणि सहा गठ्ठ्यांची पद्धत घातली: प्रलंबित प्रकरणांचा एक गठ्ठा, कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणाऱ्यांचा दुसरा, ठरावीक मुदतीने पाठवायच्या नियतकालिक विवरणपत्रांचा तिसरा, स्थायी आदेशांचा चौथा, अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा पाचवा आणि नष्ट करायच्या कागदांचा सहावा. अभिलेखांचे वर्ग जुनेच: ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षांचे, ‘क’ दहा वर्षांचे, ‘ड’ वर्षभराचे.

यातला सहावा गठ्ठा महत्त्वाचा. कागद नष्ट करायचा म्हणजे यादी करायची आणि त्या यादीवर कोणीतरी सही करायची. उद्या न्यायालयाने तोच कागद मागितला तर? माहिती अधिकारात कोणी विचारले तर? म्हणून ‘ड’ वर्गाचा, एक वर्ष आयुष्य असलेला कागद वीस वर्षे रुमालात बांधलेला राहतो, त्याच्या ओझ्याखाली ‘अ’ वर्गाचा कागद सापडेनासा होतो, आणि मग अर्जदाराला उत्तर मिळते, अभिलेख आढळून येत नाही. (इतिहासाच्या अभ्यासकांना हे आवडणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाईंनी पंचेचाळीस खंड काढले ते कोणीतरी रुमाल जाळले नाहीत म्हणूनच. पण बदली भत्त्याच्या १९९४ च्या मागणीपत्रांतून पुढे कोणी सरदेसाई निघणार नाहीत, असे मी धरून चालतो.)

लखिनांची बदली झाली. पॅटर्नचे नाव राहिले, गठ्ठेही राहिले. वार्षिक तपासणीच्या आदल्या आठवड्यात ते बांधले जात आणि तपासणी झाली की पुन्हा मिसळत. २०१७ च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम घेतली, पुढे शासनाने ती राज्यभर नेली. कार्यालयांतून जुन्या कागदांचे ढीग बाहेर आले, आणि कामाचा गाभा होता तेच सहा गठ्ठे. जानेवारी २०२५ मध्ये शंभर दिवसांचा कृती आराखडा आला. संकेतस्थळ, तक्रार निवारण, कार्यालयातील सोयी अशा सात मुद्द्यांत स्वच्छता हाही एक मुद्दा होता, आणि स्वच्छता म्हणजे पुन्हा जुने अभिलेख आवरणे. साधारण चाळीस वर्षांत तेच टेबल तीनदा आवरले गेले. प्रत्येक वेळी आवरणारा अधिकारी मनापासून काम करणारा होता, हे मुद्दाम सांगायला हवे. पद्धत त्याच्या हुद्द्याला चिकटलेली होती, कार्यालयाला नाही.

त्यावर उपाय म्हणून कायदा करावा, असे कोणीही म्हणेल. आपण केलाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यानंतर महाराष्ट्रात बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा २००५ चा अधिनियम आला. एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये. दुसऱ्या विभागाकडे जायचे नसेल तर पंचेचाळीस दिवसांत आणि जायचे असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. लिपिकाने काय करावे? सहाव्या दिवशी त्रुटी काढून नस्ती परत पाठवावी. त्याचे सात दिवस पाळले जातात आणि घड्याळ नव्याने सुरू होते. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम त्याहून पुढे गेला: सेवेची मुदत, अपिले, आयोग, पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंतचा दंड. पण मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून, आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे खिडकीच्या आतून ठरते. दंडाची भीती घातली की माणूस झटपट काम करतो हे खरे. तो झटपट नकारही देतो, एवढे कायदा करणाऱ्यांनी धरलेले दिसत नाही.

कायदा थकला की मोहीम येते. अभियान, पंधरवडा, शिबिर, शासन आपल्या दारी. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावायचे काम हाती घेतले गेले. काम चांगलेच आहे, हजारो कुटुंबांना कर्जासाठी, अनुदानासाठी ते हवे होते. तरी विचार करा: वारसनोंद हे महसूल खात्याचे शंभर वर्षांहून जुने, रोजचे काम. वर्दी द्यायची, फेरफार धरायचा, जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटीस काढायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचे. त्यासाठी मोहीम लागते, याचा अर्थ बाकीच्या दिवसांबद्दल आपण काहीतरी कबूल करतो आहोत. शिवाय मोहिमेच्या काळात त्याच तलाठ्याची, आता ग्राम महसूल अधिकाऱ्याची, बाकीची कामे थांबतात आणि पुढच्या मोहिमेचा माल तयार होतो.

सातबाऱ्याच्याच गोष्टीत यशही आहे, आणि ते कुठे मिळाले व कुठे नाही याकडे बारकाईने पाहावे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. ज्याने उताऱ्यासाठी सजाच्या गावी खेटे घातले आहेत, त्याला यातला आनंद सांगावा लागत नाही. ही सुधारणा टिकली, कोणाच्या बदलीने मोडली नाही. कारण उतारा देताना कोणाला काही ठरवायचे नव्हते. जे नोंदीत आहे तेच छापायचे. सही यंत्राची, जोखीम कोणाचीच नाही. पण हस्तलिखित नोंदी संगणकात चढवताना क्षेत्रात, नावात, हिश्श्यात ज्या चुका शिरल्या त्या दुरुस्त करायला कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो. तिथे कोणीतरी ठरवायचे आहे, की जुन्या पुस्तकात चाळीस आर होते आणि संगणकात चौदा झाले ही लेखनप्रमादाची बाब आहे, मालकीचा वाद नाही. आणि तिथे नस्ती पूर्वीच्याच चालीने चालते. जिथे निर्णय नव्हता तिथून माणूस काढता आला. जिथे निर्णय आहे तिथे संगणकाने एवढेच केले, की नस्ती कोणत्या टेबलावर अडली आहे ते पडद्यावर दिसू लागले. २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीनंतर ज्या ई-ऑफिसचा आग्रह वाढला, त्याचीही कथा वेगळी नाही. नस्ती आता जळत नाही, हरवत नाही. जिना मात्र तोच आहे.

एक गोष्ट लालफितीच्या बाजूनेही सांगितली पाहिजे, नाहीतर हे पुस्तक अर्धवट राहील. जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्याआधी शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी मागते. जमीन घेऊ पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही लालफीतच. ठाणे-पालघरच्या किंवा नंदुरबारच्या पाड्यावर राहणाऱ्याच्या दृष्टीने तो त्याच्या आणि दलालाच्या मधला शेवटचा अडसर आहे. व्यवसाय सुलभतेच्या उत्साहात परवानग्यांची संख्या मोजली जाते, कोणती परवानगी कोणासाठी उभी आहे हे मोजले जात नाही. आणि ज्याच्यासाठी नस्ती धावते त्याच्यासाठी ती आजही धावते. मुंबईतल्या ‘आदर्श’ सोसायटीच्या परवानग्या ज्या वाटेने मिळत गेल्या ती वाट सामान्य अर्जदाराला कधी दिसली नव्हती. तेव्हा सरसकट वेग ही मागणी मला पुरेशी वाटत नाही. कोणती सही काढून टाकायची आणि कोणती ठेवून तिच्या मागे उभे राहायचे, हे एकेका कलमाला धरून ठरवावे लागेल. कंटाळवाणे काम आहे, मोहिमेत बसत नाही.

पुस्तकाची मांडणी साधारण या प्रस्तावनेच्याच क्रमाने आहे. पहिल्या भागात टिपणी, बारनिशी, अभिलेख. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांनी तो गाळला तरी चालेल. दुसऱ्या भागात लेखापरीक्षण आणि विभागीय चौकशी. तिसऱ्यात सुधारणांचे प्रयोग, फसलेले आणि तगलेले. शेवटचे दोन लेख एकमेकांच्या विरोधात आहेत आणि संपादक म्हणून मी ते तसेच ठेवले आहेत. एकाचे म्हणणे, की प्रामाणिक चुकीला कायद्याने संरक्षण दिल्याखेरीज कोणी निर्णय घेणार नाही, कलम १७अ ही फक्त सुरुवात आहे. दुसरा विचारतो, की चूक प्रामाणिक होती हे ठरवणार कोण? वरिष्ठच ठरवणार असतील, तर ज्याचे वरिष्ठांशी बरे आहे त्याचीच चूक प्रामाणिक ठरेल, आणि आडवाटेच्या तालुक्यातला अव्वल कारकून आज जिथे आहे तिथेच राहील. माझा कल पहिल्याकडे आहे. दुसऱ्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.